उंबरठ्याशी थबकणारा कायदा

कीटकनाशक अधिनियम, १९६८ या कायद्याचे अडतिसावे कलम वाचण्याचे कष्ट राजकीय कार्यकर्ते सहसा घेत नाहीत. कलम लहान आहे. कोणत्याही व्यक्तीने स्वतःच्या घरगुती कामासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीसाठी कीटकनाशक वापरले, तर त्या वापरास या अधिनियमातील काहीही लागू होणार नाही, असे ते सांगते. विष कोणी तयार करावे, त्याची नोंदणी कशी व्हावी, ते कोणी साठवावे आणि कोणी विकावे, या सर्वांची तरतूद कायद्याने केली आहे. परंतु तेच विष रंगीत डब्यात भरून चाळीतल्या खोलीत शिरले, की कायदा उंबरठ्याशी थबकतो. आतल्या माणसाने ते कसे फवारावे, किती फवारावे, आणि फवारताना कोणाच्या नाकातोंडात ते जावे, हा ज्याचा त्याचा खाजगी प्रश्न ठरतो.

वरवर पाहता ही उदारता आहे. सरकारने नागरिकाच्या स्वयंपाकघरात डोकावू नये, हे तत्त्व लोकशाहीवाद्यांना मान्य होण्याजोगेच आहे. प्रश्न एवढाच की, सरकार हा उंबरठा खरोखर पवित्र मानते काय? १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातील ३८१ व्या कलमाचा आधार घेऊन पालिकेचा माणूस घरात येतो, पिंपात डासांच्या अळ्या शोधतो आणि नोटीस बजावतो. नळाला तासभर पाणी येते म्हणून पिंप भरून ठेवणारी बाई तेथे गुन्हेगार ठरते. म्हणजे दंड करण्यासाठी उंबरठा ओलांडता येतो. रक्षणाची वेळ आली की मात्र त्याचे पावित्र्य आठवते. घरगुती कीटकनाशकांच्या निवडीचा आणि वापराचा प्रश्न या विसंगतीपासून सुरू होतो. गृहिणींसाठीच्या उपयुक्त सूचनांच्या सदरात तो संपत नाही.

कायदा कशातून जन्मला?

या विसंगतीला इतिहासाची आणखी एक कडवट किनार आहे. १९५८ साली केरळात शंभराहून अधिक माणसे विषबाधेने दगावली. ती शेतात फवारणी करीत नव्हती; ती घरात बसून जेवत होती. वाहतुकीत अन्नपदार्थांच्या सान्निध्यात ठेवलेल्या पॅराथिऑन या जहाल कीटकनाशकाची गळती झाली आणि ते विष शिधा बनून घरोघर पोहोचले. न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने या घटनेची चौकशी केली. पुढे आणीबाणीतील अत्याचारांच्या चौकशीमुळे ज्यांचे नाव देशभर झाले, तेच हे शहा. कीटकनाशकांवर सर्वंकष कायद्याचे नियंत्रण हवे, ही जाणीव या मृत्यूंनी दिली, आणि दहा वर्षांनी १९६८ चा अधिनियम संमत झाला. स्वयंपाकघरातील मृत्यूंच्या पोटी जन्मलेल्या कायद्याने स्वयंपाकघरालाच आपल्या कक्षेबाहेर ठेवावे, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

कारण या वगळण्यामागे एक सिद्धांत आहे. ‘वस्तू निर्दोष असते, चूक वापरणाऱ्याची असते’ असे त्या सिद्धांताचे थोडक्यात सूत्र सांगता येईल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले, तेव्हा हाच सिद्धांत पुढे करण्यात आला. मजुराने हातमोजे घातले नव्हते, मुखपट्टी बांधली नव्हती, वाऱ्याची दिशा पाहिली नव्हती, असे बोट त्याच्याकडेच दाखविले गेले. उन्हाच्या काहिलीत माणसाच्या उंचीच्या कपाशीत शिरून रोजावर काम करणाऱ्याला ती साधने कोणी दिली होती, हा प्रश्न मागाहून आणि दबल्या आवाजात आला.

भोपाळचा धडाही याच जातीचा आहे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये २ आणि ३ तारखेच्या दरम्यानच्या रात्री ज्या वायूने हजारो माणसे मारली, तो मिथाइल आयसोसायनेट वायू तेथे कार्बारिल हे कीटकनाशक बनविण्यासाठी साठविलेला होता. देशाला ते औषध हवेच आहे, असे त्या काळी सांगितले जाई. त्याच कार्बारिलवर भारत सरकारने २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंदी घातली. ज्याच्यासाठी एक शहर होरपळले, ते औषध चौतीस वर्षांनी नकोसे ठरले. आज ज्या डब्यावर ‘संपूर्ण कुटुंबाच्या रक्षणासाठी’ असे छापलेले असते, त्यातील द्रव्याविषयी उद्या काय निर्णय होईल, याची हमी जाहिरातदार देऊ शकत नाही. हेही केवळ अनुमान नव्हे. झुरळे आणि ढेकूण मारण्यासाठी कित्येक घरांत वर्षानुवर्षे फवारले गेलेले डायक्लोर्व्हॉस त्याच २०१८ च्या आदेशाने टप्प्याटप्प्याने बाद करण्यात आले आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर त्याच्या वापरावर पूर्ण बंदी आली. ज्या मुलांच्या अंथरुणाखाली ते फवारले गेले होते, त्यांच्या पालकांना कोणी पत्र पाठवून हे कळविले नाही. अर्धी भरलेली बाटली अजूनही एखाद्या फडताळाच्या मागे पडलेली असेल, तर ती शोधून बाहेर काढणे हे शाखेच्या कार्यकर्त्यांचे काम आहे.

डब्यावरचे वाचन

‘वापरणाऱ्याची चूक’ हा सिद्धांत नाकारणे म्हणजे वापरणाऱ्याला अज्ञानात ठेवणे नव्हे. उलट, ज्याला कायद्याने वाऱ्यावर सोडले आहे, त्याच्या हाती ज्ञान देणे अधिकच अगत्याचे ठरते. म्हणून डबा निवडण्याची रीत येथे नीट सांगितली पाहिजे.

पहिला प्रश्न कोणती कंपनी, हा नाही. कोणता किडा, हा आहे. उडणाऱ्या किड्यांसाठीचा फवारा आणि सरपटणाऱ्या किड्यांसाठीचा फवारा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्याचे थेंब अतिसूक्ष्म असतात. ते हवेत तरंगतात, डासाला पाडतात आणि त्यांचा अंश पृष्ठभागावर फारसा टिकत नाही. दुसऱ्याचे थेंब जाड असतात. ते भिंतीच्या सांध्यात, ओट्याखाली, मोरीच्या कडेला बसावेत आणि तेथे कित्येक दिवस मारक राहावेत, अशी त्याची घडण असते. हा दुसरा डबा डासांसाठी हवेत उडविणे म्हणजे दीर्घकाळ टिकणारे विष स्वतःच्या श्वासात, अंथरुणावर आणि भांड्यांवर सोडणे होय. एकच डबा परवडतो अशा घरात ही चूक सर्वाधिक होते.

दुसरा प्रश्न द्रव्याचा. डब्यावर मोठ्या अक्षरांत नाममुद्रा असते आणि बारीक अक्षरांत खरे औषध. आज बाजारातील बहुतेक घरगुती फवारे पायरेथ्रॉइड जातीचे असतात. शेवंतीच्या कुळातील एका फुलाच्या अर्कावरून मानवाने ही रसायने घडविली. माणसाचे शरीर त्यांचे विघटन लवकर करते, म्हणून ती तुलनेने सौम्य मानली जातात. परंतु तुलनेने सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. दमेकऱ्याचा दमा त्यांनी उसळतो, कातडीला मुंग्या येतात, डोळे चुरचुरतात. टाकीतले मासे त्यांनी मरतात. आणि त्यांपैकी परमेथ्रिन मांजराच्या शरीराला पचविता येत नाही, त्यामुळे ते त्याला घातक ठरते. सेंद्रिय फॉस्फरस आणि कार्बामेट या दुसऱ्या दोन जाती अधिक भयंकर होत. मज्जातंतूंचे कार्य ज्या विकरावर अवलंबून असते, ते विकरच त्या निकामी करतात. वाळवीसाठी वापरले जाणारे क्लोरपायरिफॉस पहिल्या जातीत मोडते. अमेरिकेत २००० सालीच ते घरगुती वापरातून काढून टाकण्याचा निर्णय झाला. एका देशातील बालकाला जे चालत नाही, ते दुसऱ्या देशातील बालकाला कसे चालते, या प्रश्नाचे उत्तर रसायनशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे कोपऱ्यावर उभा केलेला तो छोटा चौकोन. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग विषाची तीव्रता सांगतो. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा म्हणजे जहाल, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे अल्प. प्रयोगशाळेतील निम्मे प्राणी मरण्यास शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम विष पोटात जावे लागते, त्यावर मुख्यतः हे रंग ठरतात. लाल रंगासाठी ही मर्यादा १ ते ५० मिलिग्रॅम, पिवळ्यासाठी ५१ ते ५००, निळ्यासाठी ५०१ ते ५०००, आणि त्याहून अधिक असल्यास हिरवा. लाल किंवा पिवळ्या खुणेची वस्तू राहत्या खोलीत आणूच नये. तथापि हिरवा रंगही अभय देत नाही. एका वेळी पोटात गेलेल्या मात्रेचे ते मोजमाप आहे. रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षे, दारे लावून घेतलेल्या खोलीत श्वासावाटे जाणाऱ्या मात्रेविषयी तो त्रिकोण मौन पाळतो. सुगंधाचेही तसेच. फवाऱ्याला गुलाबाचा वास आला म्हणून विषाची तीव्रता कमी होत नाही. धोक्याची सूचना देणारा उग्र दर्प तेवढा झाकला जातो.

चौथी गोष्ट म्हणजे नोंदणी क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख. नोंदणी क्रमांक नसलेली वस्तू केवढीही स्वस्त असली तरी घेऊ नये. रस्त्यावर विकले जाणारे झुरळांचे निनावी खडू मुलांच्या हाती पाटीवरच्या पेन्सिलीसारखे पडतात. शीतपेयाच्या बाटलीत सुटे भरून दिलेले ढेकणांचे औषध तर मृत्यूला दिलेले निमंत्रणच होय. लेबल नसलेले कीटकनाशक विकणे कायद्याने निषिद्ध आहे. परंतु या कायद्याखालील निरीक्षक राज्यात मुख्यतः कृषी खात्याचे. शहरातल्या किराणा दुकानाच्या फळीकडे त्यांचे लक्ष जाणार तरी केव्हा?

सूचनेतले घर आणि लोकांचे घर

आता वापराकडे वळावे. डब्यावरच्या सूचना साधारणतः अशा असतात: अन्न, पाणी आणि भांडी झाकावीत अथवा हलवावीत, माणसे आणि पाळीव प्राणी यांनी खोलीबाहेर जावे, दारे-खिडक्या लावून फवारावे, पंधरा-वीस मिनिटे खोली बंद ठेवावी, मग दारे-खिडक्या उघडून हवा खेळती करावी आणि नंतरच आत यावे. सूचना शास्त्रशुद्ध आहेत. परंतु त्या ज्या घराला उद्देशून लिहिल्या आहेत, ते घर कोणाचे आहे? त्या घरात बाहेर जाण्यासाठी दुसरी खोली आहे. हवा खेळती करण्यासाठी समोरासमोर खिडक्या आहेत. अन्न हलविण्यासाठी वेगळे स्वयंपाकघर आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, त्यांतील एक म्हातारा खोकत पडलेला आहे, एक मूल पाळण्यात आहे, स्टोव्ह कोपऱ्यात पेटलेला आहे आणि एकुलत्या एका खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. या घरात ती सूचना पाळायची म्हटले तरी पाळता येत नाही. पावसाळ्याच्या रात्री म्हाताऱ्याला आणि मुलाला पंधरा मिनिटे बाहेर कोठे उभे करावे, हे डब्यावर छापलेले नसते.

येथेच ‘वापरणाऱ्याची चूक’ या सिद्धांताचे पितळ उघडे पडते. जी सूचना पाळणे परिस्थितीने अशक्य केले आहे, ती न पाळल्याचा दोष माणसाच्या माथी मारणे ही नीतीही नव्हे आणि विज्ञानही नव्हे. उत्पादकाला आपला माल कोणत्या वस्तीत खपतो हे पुरते ठाऊक असते. लहान, स्वस्त डबा त्याने त्याच वस्तीसाठी काढलेला असतो. मग एका खोलीच्या घरासाठीची सूचना त्याच डब्यावर छापण्यास त्याला कोणी मनाई केली आहे?

उत्पादक ती छापत नाही तोवर ती कार्यकर्त्यांनी पोहोचविली पाहिजे. एका खोलीच्या घरात हवेत फवारा उडवूच नये. डासांसाठी मच्छरदाणी हाच तेथला शहाणपणाचा मार्ग. गुंडाळी जाळणे हा फवाऱ्याला निर्धोक पर्याय नव्हे. एक गुंडाळी जळताना जितके सूक्ष्म कण हवेत जातात, तितके ७५ ते १३७ सिगारेटी जळाल्याने जातात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. झुरळांसाठी फवारणी करायचीच असेल तर ती सर्व मंडळी कामावर वा शाळेत जाण्याच्या वेळी करावी. केवळ फटी, बिजागऱ्या, ओट्याची खालची बाजू आणि मोरीची कड एवढ्यांवरच करावी. परतल्यावर प्रथम दार उघडे ठेवावे आणि स्वयंपाकाची जागा साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. घरात सर्रास आढळणाऱ्या लहान झुरळाच्या अंडकोशात तीस-चाळीस अंडी असतात आणि फवारा त्या कवचाच्या आत पोहोचत नाही. म्हणून आज मेलेल्या झुरळांची जागा महिन्याभरात त्यांची संतती घेते, आणि डबा पुन्हा विकत घ्यावा लागतो. फटीत ठिपक्याएवढे लावायचे विषारी आमिष अशा घरात फवाऱ्यापेक्षा अधिक परिणामकारक आणि कमी घातक असते. मात्र तेही मुलांच्या हाताबाहेर असले पाहिजे, आणि त्याच्या आसपास फवारा मारू नये, नाहीतर झुरळे आमिषाकडे फिरकत नाहीत. ढेकणांच्या बाबतीत तर फवाऱ्याचा भरवसाच धरता येत नाही, त्यांनी डी.डी.टी.ला कधीच दाद देणे सोडले आणि अनेक ठिकाणी पायरेथ्रॉइडलाही. खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतणे, कपडे कढत पाण्यात काढणे, भिंतीच्या भेगा लिंपणे, हे जुने उपाय आजही नव्या डब्याहून खात्रीचे आहेत. गादीवर आणि पाळण्यावर विष फवारणे कोणत्याही परिस्थितीत निषिद्ध मानावे. धान्यात ठेवण्याच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ढेकणांसाठी वा उंदरांसाठी राहत्या घरात ठेवणे म्हणजे तर स्वतःच्याच कुटुंबाला विषारी वायूत कोंडणे होय.

आगीचा धोका वेगळाच. दाबाने भरलेल्या डब्यातून फवारा बाहेर ढकलणारा वायू सामान्यतः स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो. म्हणून स्टोव्ह, शेगडी, समई, उदबत्ती विझविल्याशिवाय फवारा मारू नये. डबा चुलीजवळ ठेवू नये. रिकामा डबाही ठोकू नये, भोसकू नये, शेकोटीत टाकू नये. कचऱ्यात गेलेला असा डबा शेवटी कोणाच्या हातात पडतो, तर कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बाईच्या.

आणि अपघात घडलाच तर? श्वासावाटे विष गेले असेल तर माणसाला मोकळ्या हवेत आणावे. अंगावर सांडले असेल तर कपडे उतरवून साबणाच्या पाण्याने धुवावे. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरावी. विष पोटात गेले असल्यास उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये. मिठाचे पाणी, दूध, तूप यांपैकी काहीही पाजू नये. अनेक औषधे घासलेटसारख्या द्रवात विरघळविलेली असतात आणि उलटीबरोबर तो द्रव फुफ्फुसात गेला तर मूळ विषापेक्षाही मोठे संकट ओढवते. तोंडातून लाळ, डोळ्यांतून पाणी, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, घाम आणि श्वासाला धाप ही सेंद्रिय फॉस्फरस वा कार्बामेट विषाची लक्षणे आहेत, आणि त्यावर ॲट्रोपिन हा उतारा रुग्णालयातच मिळतो. पायरेथ्रॉइडला असा नेमका उतारा नाही. तेथे लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. म्हणून रुग्णासोबत डबा नेलाच पाहिजे. डॉक्टरला नाममुद्रेपेक्षा औषधाचे नाव हवे असते.

फवारणारा हात

घरगुती वापराच्या या सवलतीचा सर्वांत मोठा बळी मात्र ज्याचे घर आहे तो नाहीच. मध्यमवर्गीय आणि श्रीमंत घरांत ओट्याखाली वाकून, मोरीत शिरून, फडताळे रिकामी करून फवारा मारणारा हात बहुधा घरकामगार बाईचा असतो. मालकीणबाई डब्यावरची सूचना वाचून शेजारी जातात. बाई आत राहते. एका घरातून ती दुसऱ्या घरात जाते, तेथेही डबा तयार असतो. १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी विष हाताळणाऱ्यांना संरक्षक कपडे मिळावेत असे म्हटले आहे. पण कलम ३८ चा अर्थ मालकाच्या सोयीने लावला, की घर खाजगी आणि वापर घरगुती म्हणून हे सारे संरक्षण गळून पडते. कायद्याचे शब्द ‘स्वतःच्या घरगुती कामासाठी’ असे आहेत. येथे घर एकाचे आणि फुफ्फुस दुसऱ्याचे. मजुरी देऊन दुसऱ्याकडून करून घेतलेले काम ‘स्वतःचे’ कसे होते?

महाराष्ट्राने २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम केला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला आणि सुरक्षित व आरोग्यपूर्ण परिस्थितीत काम करण्याचा घरकामगाराचा हक्क त्यात मान्य केला. भारताने त्या कराराला मान्यता दिलेली नाही. मालकाचा फवारा मारण्यास नकार देण्याचा अधिकार आणि नकार दिल्याबद्दल काम न जाण्याची हमी, या मागणीसाठी घरकामगारांच्या संघटनांनी आग्रह धरला, तर त्यांच्या पाठीशी उभे राहणे हे पक्षाचे कर्तव्य ठरते.

गटार आधी की लेबल आधी?

या सगळ्यावर चळवळीतूनच एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक असेल. ‘डासांचे मूळ तुंबलेल्या गटारात आणि साठविलेल्या पाण्यात आहे, झुरळांचे मूळ न उचललेल्या कचऱ्यात आहे. मूळ प्रश्न सोडून डब्यावरची अक्षरे वाचीत बसणे ही मध्यमवर्गीय ग्राहक चळवळीची करमणूक आहे,’ असे म्हणणारे कार्यकर्ते कमी नाहीत.

या आक्षेपाचा पहिला अर्धा भाग निर्विवाद खरा आहे. डेंग्यू पसरविणारा डास घराच्या आसपासच्या साठवणीच्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून पूर्ण डास होण्यास साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक पिंप रिकामे करून, घासून, कोरडे करणे हा उपाय कोणत्याही फवाऱ्यापेक्षा श्रेष्ठ आहे. परंतु पाणी उद्या येईल याची खात्री असल्यावाचून कोणती बाई आज भरलेले पिंप ओतून देईल? नियमित नळ हे सर्वांत निर्धोक कीटकनाशक आहे. आणि ते दुकानात मिळत नाही, ते पालिकेच्या अंदाजपत्रकात मिळते. पालिकेने सार्वजनिक कर्तव्य टाळले, की त्याची जागा खाजगी डबा घेतो आणि कराशिवाय आणखी एक खर्च गरिबाच्या माथी बसतो. डबा हा अशा अर्थाने न दिलेल्या पाण्यावरचा आणि न उचललेल्या कचऱ्यावरचा करच होय.

परंतु आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग चुकीचा आहे, आणि तो केवळ चुकीचाच नव्हे तर निर्दय आहे. गटार बांधून होईपर्यंत माणसे श्वास घेणे थांबवीत नाहीत. ज्या घरात डेंग्यूने एक मूल दगावले आहे, तेथील आई डबा विकत घेणारच. तिला ‘मूळ प्रश्नाकडे पाहा’ असे सांगणारा कार्यकर्ता तिच्या दृष्टीने जाहिरातदाराइतकाच परका ठरतो. गिरणीतली यंत्रणा समाजाच्या मालकीची होईपर्यंत पट्ट्यांना जाळी बसवू नये, असे कोणत्याही कामगार पुढाऱ्याने कधी म्हटले नाही. कारखान्यात सुरक्षिततेची मागणी ही लढ्याची पहिली पायरी मानली जाते. मग घरात, जेथे बाई आणि मूल यांचा दिवस जातो, तीच मागणी क्षुल्लक का ठरावी? स्त्रियांच्या कामाला काम न मानण्याची जी खोड समाजाला आहे, तिची लागण चळवळीलाही झालेली आहे, असेच यावरून म्हणावे लागेल.

मागण्या आणि काम

पहिली मागणी कलम ३८ ची. कोणाच्या स्वयंपाकघरात पोलिस बसवावा असे कोणी म्हणत नाही. मजुरी घेऊन दुसऱ्याच्या घरात फवारणी करणाऱ्याला या सवलतीतून स्पष्टपणे वगळावे आणि घरात घडलेल्या अपघातात सूचना व्यवहार्य नसल्याची जबाबदारी उत्पादकावर टाकावी, एवढाच बदल हवा आहे. १९६८ चा अधिनियम बदलण्यासाठी २००८ आणि २०२० साली राज्यसभेत विधेयके मांडली गेली. नव्या कायद्याची चर्चा जेव्हा जेव्हा निघते तेव्हा शेती आणि उद्योग यांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ असतात. एका खोलीच्या घराच्या बाजूने बोलणारे कोण?

दुसरी मागणी भाषेची. लेबल हिंदी, इंग्रजी आणि विक्रीच्या प्रदेशातील एक वा दोन भाषांत असावे, असे नियम सांगतात. चष्मा लावूनही न दिसणाऱ्या अक्षरांत छापलेली मराठी ही मराठी नव्हे. औषधाचे नाव, रंगाचा चौकोन आणि एका खोलीच्या घरासाठीची सूचना डब्याच्या दर्शनी भागावर, नाममुद्रेच्या जोडीने, ठळक मराठीत असली पाहिजे. तिसरी मागणी सुट्या आणि निनावी विक्रीला आळा घालण्याची आणि त्यासाठी शहरांत निरीक्षक नेमण्याची. चौथी, प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात विषबाधेच्या रुग्णाच्या नोंदीत नेमके द्रव्य लिहिले जावे ही; जे मोजले जात नाही, त्याची दखल कोणतेही सरकार घेत नाही.

मागण्यांचे निवेदन देऊन काम संपत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील दुकानांतून विकले जाणारे डबे पाहावेत, त्यांवरील द्रव्य, रंग आणि नोंदणी क्रमांक यांची यादी करावी, निनावी माल आढळल्यास लेखी तक्रार करावी. महिला सभेत डबा हातोहात फिरवून त्यावरची अक्षरे मोठ्याने वाचावीत. आठवड्यातून एक दिवस पिंपे कोरडी करण्याचा कार्यक्रम वस्तीने घ्यावा आणि त्याच दिवशी नळाच्या वेळेची मागणी घेऊन पालिकेच्या प्रभाग कार्यालयावर जावे. स्वच्छतेचे काम आणि हक्काचा लढा यांत ज्यांना विरोध दिसतो, त्यांनी हे एकदा करून पाहावे.

कायदा उंबरठ्याशी थबकला म्हणून डास थबकत नाही, विषही थबकत नाही. भाषणात कष्टकऱ्यांच्या घरादाराचे नाव घेणाऱ्या चळवळीनेही तेथेच थबकायचे ठरविले, तर आतल्या माणसांनी कोणाकडे पाहावे, याचे उत्तर प्रत्येक कार्यकर्त्याने येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या वस्तीत जाऊन द्यावयाचे आहे.